भियाची साखर

आमच्या घरात मधुमेहाचे दोन पेशंट आहेत. एक आजी, वय 78. दुसरा भिया, वय 11. भिया म्हणजे आमचा बोका. इंदुरात पानाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळे एकमेकांना 'भिया' म्हणतात. हा पिल्लू असताना लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात शिरला आणि सरळ बाबांच्या खुर्चीत जाऊन बसला. बाबा म्हणाले, "काय भिया, आरामात?" तेव्हापासून तेच नाव.

वाङ्मय मंडळाच्या अंकात मांजराच्या इन्सुलिनवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. कारण एवढंच, की मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. चूक म्हणाल तर फक्त एका रेघेची. त्या रेघेपायी भिया जवळजवळ गेलाच होता. मांजर पाळणारे आपल्यात बरेच आहेत, आणि घरात आजी-आजोबांचं इन्सुलिन असणारे तर त्याहून जास्त. तेव्हा जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेत कळावं, म्हणून हा लेख.

सुरुवात मुंग्यांपासून झाली. गॅलरीत भियाचा वाळूचा ट्रे असतो. तिथे मुंग्यांची रांग दिसायला लागली. आईने फिनाइल टाकलं, मुंग्या दुसऱ्या दिवशी परत. आजी दारात उभी राहून म्हणाली, "याच्या मुतात साखर आहे गं. मुंग्या उगीच नाही येऊन राहिल्या." आम्ही हसलो. पण आपल्या जुन्या वैद्यांनी हा आजार असाच ओळखला होता, लघवीकडे वळणाऱ्या मुंग्यांवरून. 'मधुमेह' हा शब्दच तसा आहे.

मग बाकीच्या गोष्टी जुळायला लागल्या. भिया बाथरूमच्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा. ट्रेमधली वाळू दिवसातून दोनदा बदलावी लागायची. खाणं वाढलं होतं आणि वजन मात्र 6.8 किलोवरून 5.2 वर आलं होतं. आणखी एक, जे आम्ही म्हातारपण समजलो होतो: तो मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागला होता. मांजर एरवी चवड्यांवर चालतं. साखर बरेच दिवस जास्त राहिली की पायांच्या नसा कमजोर होतात आणि टाच खाली येते.

डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. साखर 412. मला वाटलं, झालं निदान. पण त्या म्हणाल्या, "एवढ्यावर नाही ठरवायचं." मांजर पिंजऱ्यात घालून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात दवाखान्यात आणलं की नुसत्या घाबरण्याने त्याची साखर 300च्या वर जाऊ शकते, मधुमेह नसला तरी. म्हणून त्यांनी लघवीतली साखर पाहिली आणि फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी केली. आजीची एचबीए1सी जशी तीन महिन्यांची सरासरी सांगते, तशी ही साधारण गेल्या एक-दोन आठवड्यांची. तीही जास्त आली. मग शंका उरली नाही.

आजीला वाईट वाटलं, कारण सराफ्यातून कुणी जिलबी आणली की ती तुकडा त्याच्यापुढे टाकायची. खरं तर मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारा जिभेवरचा ग्राहक ज्या जनुकापासून बनतो, ते जनुक मांजराच्या कुळात निकामी आहे. भिया जिलबी चाटायचा तो तुपासाठी. दोष कुणाला द्यायचाच तर आमच्या दूधपोळीला, दूधभाताला आणि कोरड्या दाण्यांनी सतत भरलेल्या वाटीला द्यावा लागेल. मांजर पक्कं मांसाहारी. पिठूळ पदार्थांचा मोठा भार पेलायची त्याच्या यकृताची तयारी नसते. त्यात हा खच्ची केलेला, घरात बसून लठ्ठ झालेला, वय उतरणीला लागलेला बोका. मांजरात मधुमेह जास्त दिसतो तो अशांतच. आजीच्या मधुमेहासारखाच हा प्रकार: आधी शरीर इन्सुलिनला जुमानत नाही, मग इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात.

"मग माझ्यासारखी गोळी द्या ना त्याला आधी," आजी म्हणाली. प्रश्न बरोबर होता. अमेरिकेत मांजरांसाठी रोजची एक गोळी डिसेंबर 2022मध्ये मंजूर झाली आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. आमच्यासमोर रस्ता होता तो इन्सुलिनचा, दर बारा तासांनी. डॉक्टरांनी लिहून दिलं: ग्लार्जिन, 1 युनिट, सकाळी 8 आणि रात्री 8.

आता ती रेघ.

युनिट म्हणजे काय, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. 1921 साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन मिळवलं. जानेवारी 1922मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. पण हा अर्क प्रत्येक वेळी वेगळ्या ताकदीचा निघायचा, म्हणून मोजायला काहीतरी माप हवं होतं. त्यांनी ससा घेतला. उपाशी सशाची साखर त्याला झटके येण्याइतकी खाली आणायला जेवढं इन्सुलिन लागतं, त्यावरून युनिट ठरवलं. म्हणजे ज्या अवस्थेला आपण सगळ्यात जास्त घाबरायला हवं, त्याच अवस्थेवरून हे माप आलं आहे. पुढे मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, शब्द तोच राहिला.

युनिट हे ताकदीचं माप आहे, पाण्याचं नव्हे. एक मिलिलिटरमध्ये किती युनिट मावतील, ते बाटलीवर अवलंबून. आपल्याकडे माणसांच्या साध्या इन्सुलिनची बाटली बहुधा 40ची असते: एक मिलिलिटरमध्ये 40 युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन आणि ग्लार्जिन हे 100चं: एक मिलिलिटरमध्ये 100 युनिट. त्यासाठी सिरिंज नारिंगी टोपणाची. बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळली, तरच सिरिंजवरची एक रेघ म्हणजे एक युनिट.

त्या संध्याकाळी मेडिकलवर ग्लार्जिन मिळालं, नारिंगी टोपणाची सिरिंज मात्र संपली होती. घरी आजीच्या ड्रॉवरमध्ये जुन्या सिरिंजांचं पाकीट होतं, ती पेनवर येण्याआधीचं. लाल टोपणाच्या. मी म्हटलं, सिरिंज ती सिरिंज. एक रेघ भरली.

हिशेब आता करून बघा. लाल सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग, 0.025. पण बाटली होती 100ची. म्हणजे त्या एका रेघेत गेले अडीच युनिट. डॉक्टरांनी सांगितलेल्याच्या अडीचपट, दिवसातून दोनदा. (उलटी चूक झाली, म्हणजे 40ची बाटली आणि 100ची सिरिंज, तर एका रेघेत 0.4 युनिटच जातं. औषध लागू पडत नाही असं वाटतं आणि माणूस डोस वाढवायला निघतो.)

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भियाने अर्धंच खाल्लं. मला कॉलेजची घाई. खाईल नंतर, म्हणून मी ठरलेली एक रेघ टोचून निघाले. ही माझी दुसरी चूक.

दुपारी दीडच्या सुमारास परत आले तर तो पलंगाखाली. हाक मारली तर उठला, मागचे पाय दुमडले, पुन्हा पडला. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, मान किंचित हलत होती. मे महिना होता, बाहेर पारा चाळिशीच्या वर. आई म्हणाली, ऊन लागलं. ती ओला टॉवेल आणायला धावली. आजी खुर्चीतून उठून आली, वाकली, आणि म्हणाली, "ऊन नाही हे. साखर उतरली आहे. माझीसुद्धा उतरते तेव्हा अशीच मान हलते. मध आण."

आजीच्याच मीटरवर पाहिलं: 34. आजीने मधाचं बोट त्याच्या हिरडीवर चोळलं. "तोंडात ओतू नकोस," ती मला म्हणाली, "त्याला गिळता येत नाहीये, श्वासात जाईल." दर मिनिटाला थोडं थोडं, दातांच्या बाहेरून. दहाएक मिनिटांनी त्याने डोकं उचललं. मग थोडं ओलं खाणं, आणि तसंच रिक्षाने दवाखान्यात. शुद्धीवर आला म्हणून घरी थांबायचं नसतं. मध अर्ध्या तासात संपतो, इन्सुलिन मात्र अजून काही तास काम करत असतं. तिथे शिरेतून ग्लुकोज लावलं, संध्याकाळपर्यंत त्याला ठेवून घेतलं.

मॅडमनी मला सिरिंज दाखवायला सांगितली. लाल टोपण बघून त्या क्षणभर गप्प बसल्या. मग कागदावर दोन सिरिंजा काढून वरचा हिशेब मला करायला लावला. शेवटी म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. साखर 400 असेल तर आपल्याकडे विचार करायला दिवस असतात. 40 झाली तर मिनिटं."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. मांजराच्या इन्सुलिनचे बाकी सगळे नियम त्यातूनच निघतात.

डोस लहान का सुरू करायचा? म्हणूनच. पाच किलोच्या मांजराला बहुधा एका युनिटच्या आसपास सुरुवात करतात, साखर कितीही दिसत असली तरी. 412 बघून जोरात मारा करायचा नसतो.

मांजराने खाल्लं नाही किंवा उलटी झाली तर? टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन. सवयीने पूर्ण डोस द्यायचा नाही. आधी वाटी बघायची, मग सिरिंज भरायची.

एक वेळ चुकली तर? पुढच्या वेळी दुप्पट नाही. चुकली ती चुकली.

सुई टोचली पण औषध आत गेलं की केसांवर सांडलं, कळत नसेल तर? केस ओले लागले, औषधाचा वास आला, तरी परत टोचायचं नाही. किती आत गेलं ते आपल्याला माहीत नसतं. बारा तास साखर जास्त राहील, चालेल.

जास्त साखर निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. आठवडेच्या आठवडे ती वर राहिली की वजन उतरतं, नसा जातात. आणि मांजर खाणं सोडून, उलट्या करून सुस्त पडलं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर रक्तात कीटोन वाढले असण्याची शक्यता असते. मग थांबायचं नाही, लगेच दवाखाना. पण जे मांजर खातंय, पितंय, फिरतंय आणि ज्याचा आकडा नुसताच मोठा आहे, त्याच्यासाठी घाई करायची नाही.

घाई मला व्हायचीच. त्या प्रसंगानंतर योग्य सिरिंजने 1 युनिट सुरू झालं. आम्ही घरी साखर बघायला शिकलो. मांजराचं रक्त कानाच्या कडेवरून घेतात. कान आधी कोमट कपड्याने शेकायचा, मागे कापूस धरायचा, कडेच्या शिरेजवळ बारीक टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आणि लगेच बक्षीस. भियाचं बक्षीस म्हणजे उकडलेल्या चिकनचा तुकडा. पंधरा दिवसांत तो मीटरचा आवाज ऐकून स्वतः यायला लागला. मीटरबद्दल एक सांगायला हवं. माणसाच्या रक्तात साखर लाल पेशींतही बरीच असते. मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सगळी पेशींबाहेरच्या द्रवात असते. म्हणून माणसाचं मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीचं मीटर मिळालं तर उत्तम. नाही तर रोज तेच एक मीटर वापरायचं आणि कोणतं ते डॉक्टरांना सांगायचं.

तर सकाळचा आकडा रोज 300च्या वर. मी डॉक्टरांना विचारलं, दीड युनिट करू का? त्या म्हणाल्या, एक दिवस बसून कर्व्ह काढ. म्हणजे सकाळी इन्सुलिन देण्याआधी आणि मग दर दोन तासांनी, रात्री 8पर्यंत. एका रविवारी मी आणि आजी वही घेऊन बसलो. सकाळी 8 वाजता 318. 10 वाजता 262. 12 वाजता 178. 2 वाजता 124. 4 वाजता 141. 6 वाजता 215. रात्री 8 वाजता 301.

नुसत्या सकाळच्या आकड्याकडे पाहिलं तर वाटतं औषध कमी पडतंय. पण डोस ठरतो तो दिवसातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर. तो साधारण 80 ते 150च्या मध्ये असावा. भियाचा होता 124. म्हणजे डोस बरोबर होता. त्या दिवशी मी सकाळच्या 318वरून डोस वाढवला असता, तर तेच दुपारचे 124 आणखी खाली गेले असते, आणि मी कॉलेजात असते. शिवाय साखर फार खाली गेली की शरीर घाबरून आपली साठवलेली साखर रक्तात सोडतं. मग संध्याकाळी मीटरवर मोठा आकडा दिसतो आणि माणूस आणखी वाढवतो. एकटा आकडा फसवतो तो असा. म्हणून डोस बदलायचा तर डॉक्टरांना विचारून, अर्ध्या युनिटाने, आणि मधे निदान आठवडा जाऊ देऊन. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली 100ची लहान सिरिंज शोधून ठेवलेली बरी. साध्या सिरिंजवर अर्धी रेघ डोळ्याने मापणं कठीण.

खाण्याचा प्रश्न घरात जरा नाजूक होता. आमच्या घरात मांसाहार नाही. पण दूधपोळी बंद करून प्रथिनं जास्त आणि पीठ कमी असलेलं ओलं खाणं द्यायचं होतं. नुसतं उकडलेलं चिकन हे रोजचं पूर्ण जेवण होत नाही. टॉरीन, कॅल्शियम वगैरे त्यातून पुरेसं मिळत नाही. म्हणून मुख्य खाणं तयार पाकिटातलं आणि चिकन फक्त बक्षिसापुरतं, असं ठरलं. आजीने गॅलरीत एक वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं दिलं. म्हणाली, "औषध म्हणून चालतं." बदल आम्ही हळूहळू केला, आणि त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासली. पीठ कमी झालं की इन्सुलिनची गरजही उतरते, आणि जुना डोस अचानक मोठा ठरू शकतो. पुन्हा तीच मिनिटांची गोष्ट.

राहिल्या लहानसहान सवयी. बाटली फ्रीजमध्ये, पण दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. आजीची पेनं वरच्या कप्प्यात, भियाची बाटली खालच्या डब्यात, डब्यावर नारिंगी चिकटपट्टी. लाल टोपणाच्या सगळ्या सिरिंजा घराबाहेर गेल्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत. आणि टोचणाऱ्याने वहीत लगेच वेळ आणि सही करायची, म्हणजे आई आणि मी दोघी मिळून डबल डोस देणार नाही.

पाचव्या महिन्यात खालचा आकडा 70च्या आसपास यायला लागला. डॉक्टरांनी डोस अर्धा युनिट केला, मग काही आठवड्यांनी बंदच करून पाहिला. लवकर निदान झालं आणि खाणं सुधारलं तर काही मांजरांचं इन्सुलिन असं सुटतं. सगळ्यांचं नाही, आणि सुटलेलं परत लागू शकतं. म्हणून आम्ही आजही आठवड्यातून एकदा कान टोचतो आणि वजन करतो. टाचा उचलून चालायला त्याला आणखी दोन महिने लागले. गॅलरीत मुंग्या येतात, पण आता तुळशीच्या कुंडीत.

आजी रोज सकाळी 8 वाजता स्वतःचं पेन लावते तेव्हा भिया शेजारी येऊन बसतो. "याचं सुटलं," ती म्हणते, "माझं काही सुटत नाही." मग पेनवरचा आकडा मला वाचून दाखवायला लावते. टोचण्याआधी दुसऱ्याने एकदा आकडा बघायचा, हा नियम आता तिच्यासाठीही आहे.